महाडीबीटीवर कॉलेजच्या फीची शिष्यवृत्ती: दाखला काढण्यापासून खात्यात पैसे पडेपर्यंत

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरायला तासभर पुरतो. त्यासाठी लागणारे कागद जमवायला मात्र दोन-तीन महिने जातात, आणि बहुतेक घरांत ती धावपळ अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर सुरू होते. उत्पन्न जास्त म्हणून अर्ज बाद होणारी मुलं असतातच. पण ज्यांचा पूर्ण हक्क आहे, अशी कितीतरी मुलं नावातल्या एका अक्षरापायी किंवा बंद पडलेल्या बँक खात्यापायी वर्षभर पैशांची वाट बघत राहतात. म्हणून या लेखात पोर्टलवरची बटणं कमी आणि त्याआधीची तयारी जास्त आहे. बारावी किंवा डिप्लोमानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहिलं आहे.

आपली योजना कोणती, ते आधी ठरवा

महाडीबीटी हे एकच दार आहे, आत खाती वेगवेगळी आहेत. योजना चुकली तर अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. यात कॉलेजची सक्तीची, परत न मिळणारी फी येते आणि वर निर्वाहभत्ताही मिळतो. व्यावसायिक पदवीच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना, म्हणजे सगळे जिला ‘फ्रीशिप’ म्हणतात ती. फ्रीशिपमध्ये फी मिळते, भत्ता मिळत नाही. अनुसूचित जमातीसाठी अशाच योजना आदिवासी विकास विभागाच्या आहेत, त्यांनाही २.५ लाखांचीच रेषा लागू आहे.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांचा कारभार इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. तिथेही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप असे दोन रस्ते आहेत. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ओलांडली म्हणून सोडून देऊ नका. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर फ्रीशिप बघा.

खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कॉलेजच्या खिडकीवर तिला अजून ‘ईबीसी’च म्हणतात. उत्पन्नमर्यादा ८ लाख, मिळतं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना तिचा लाभ मिळतो, त्यासाठी हमीपत्र आणि रेशनकार्ड जोडावं लागतं.

मुलींचं गणित २०२४-२५ पासून बदललं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळतं. आधीच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलींनाही ते लागू आहे. अट मोठी आहे आणि ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थेच्या पातळीवर झालेला प्रवेश यात बसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही बाहेर. ‘सीट रिकामी आहे, थेट या’ असा फोन आला की हो म्हणण्याआधी हे आठवा. चार वर्षांची फी त्या एका होकारावर ठरते.

उत्पन्नाचा दाखला: एप्रिल-मेमध्येच काढा

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ही सगळ्या योजनांची पहिली पायरी. अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरून करता येतो, नाहीतर सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रात. रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र लागतं. वडील किंवा आई नोकरीत असतील तर फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला, शेती असेल तर सातबारा-आठ अ आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली मुदतीची. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. जानेवारीत कुठल्याशा परीक्षेसाठी काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा नसतो. शक्य असेल तर तीन वर्षांचा दाखला काढा. त्यात तिन्ही वर्षांचं उत्पन्न वेगळं लिहिलेलं असतं आणि पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणाची धावपळ वाचते.

दुसरी चूक नॉन-क्रिमिलेअरबद्दल, म्हणजे मागास प्रवर्गातलं आपलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही, या दाखल्याबद्दल. ‘नॉन-क्रिमिलेअर आहे ना, मग उत्पन्नाचा दाखला कशाला?’ असं बरेच पालक विचारतात. नॉन-क्रिमिलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या ८ लाखांत मात्र आई-वडील दोघांचं, सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न मोजलं जातं. दोन्ही दाखले वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

दाखला हातात आला की त्याच्यावरचा क्रमांक नीट वाचता येतो का, ते बघा. पोर्टलवर तो क्रमांक टाकला की महसूल खात्याच्या नोंदीशी ताडला जातो. फोटोकॉपीची फोटोकॉपी केलेल्या दाखल्यावर तीन आणि आठ सारखेच दिसतात, आणि अर्ज तिथेच अडकतो. मूळ पीडीएफ फोनमध्ये जपून ठेवा.

जात वैधता: यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर उशीर झालाच म्हणून समजा. अकरावीतच हात घाला.

अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन होतो. अनुसूचित जमातीच्या समित्या वेगळ्या, आदिवासी विकास विभागाच्या. विद्यार्थ्याला आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र जोडावं लागतं (नमुना १५ अ), त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का.

अर्जाचा जीव असतो जुन्या पुराव्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा समितीला हवा असतो. त्यात जात आणि राहण्याचं ठिकाण दोन्ही कळलं पाहिजे.

असा कागद कुठे सापडतो? सगळ्यात आधी आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, तिथे जा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख अशी ओळच्या ओळ असते. मुख्याध्यापकांकडून तिचा सही-शिक्क्याचा उतारा घ्या. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ शोधा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. त्यात ‘मुलगा झाला’ एवढीच नोंद असते, मुलाचं नाव नसतं, पण बापाचं नाव आणि जात असते. ती नोंद वंशावळीशी जोडता येते. जुने फेरफार, खरेदीखतं, खासरापत्रक हेही चालतात. काही नोंदी मोडी लिपीत असतात. त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन जोडायचं.

वडील, सख्खे काका, आत्या किंवा सख्खा भाऊ-बहीण यांपैकी कुणाचं वैधता प्रमाणपत्र आधीच झालं असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. वंशावळीत नाव लिहिताना ‘बाबूराव’ आणि शाळेच्या उताऱ्यात ‘बाबू’ असेल तर दोन्ही एकच व्यक्ती आहेत, हे शपथपत्रातच लिहून टाका. समितीनं त्रुटी काढून मग उत्तर देण्यात महिना जातो.

सगळ्या कागदांवर नाव एकच हवं

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. क्रम वेगळा असल्यानं फारसं बिघडत नाही, स्पेलिंगनं बिघडतं. गायकवाडमधला ‘वा’ गुणपत्रिकेवर डब्ल्यूनं आणि आधारवर व्हीनं लिहिलेला असतो. वडिलांचं नाव एकीकडे ‘ज्ञानेश्वर’, दुसरीकडे ‘ज्ञानोबा’. बँकेच्या पासबुकावर तर नुसतं नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव गायब.

एक संध्याकाळ द्या. दहावीची गुणपत्रिका, आधार, पासबुक, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जमिनीवर ओळीनं मांडा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण धरा, बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधारमधली दुरुस्ती सगळ्यात आधी, कारण बँक आणि महाडीबीटी दोन्ही आधारवर उभे आहेत. त्याच फेरीत मोबाइल क्रमांकही बघा. आधारला जोडलेला क्रमांक वडिलांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असेल तर ओटीपी येणार नाही. मोबाइल क्रमांक आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. वयाच्या पंधराव्या वर्षी करायचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही तेव्हाच उरका. लहानपणचे ठसे जुळत नाहीत, आणि बँकेत अंगठा लावताना ते कळतं.

बँक खातं: पैसे इथेच अडकतात

सरकार शिष्यवृत्तीचे पैसे पाठवताना खाते क्रमांकाकडे बघत नाही, आधार क्रमांकाकडे बघतं. तुमचा आधार कोणत्या बँकेशी नोंदलेला आहे ते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यादीत पाहिलं जातं आणि पैसे त्या बँकेत जातात. अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहिला असला तरी.

म्हणून बँकेत ‘आधार लिंक आहे का?’ एवढंच विचारून परत येऊ नका. बँकेतला माणूस हो म्हणेल आणि त्याचं खरंही असेल, कारण केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार दिलेलं असतं. तुम्हाला हवंय डीबीटीसाठीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून आधारची त्या बँकेशी केलेली नोंद. ते वेगळं आहे आणि त्याला वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. दोन-चार दिवसांनी माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि सीडिंग चालू आहे की नाही ते दिसतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे कॉलेज किंवा कार्यालयात तो दाखवावा लागू शकतो.

एका वेळी आधार एकाच बँकेशी सीड असतो, आणि शेवटी जिथे संमती दिली ती बँक धरली जाते. नवीन सिम घेताना किंवा फोनवर एखादं खातं उघडताना नकळत संमतीच्या चौकोनावर टिक केली जाते आणि मॅपिंग तिकडे सरकतं. मुलगा स्टेट बँकेच्या पासबुकात एन्ट्री मारत बसतो आणि पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात पडून असतात. शिष्यवृत्तीचं वर्ष चालू असताना नवं खातं उघडलंच तर दुसऱ्या दिवशी स्टेटस पुन्हा बघा.

दुसरा सापळा छोट्या खात्याचा. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘लहान खात्यात’ एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, आणि वर्षभरात १ लाखांहून जास्त जमाही होऊ शकत नाही. त्यात फीसारखी मोठी रक्कम आली की अडचण येऊ शकते. पूर्ण केवायसी देऊन खातं नेहमीचं करून घ्या. शाळेत असताना काढलेलं अज्ञान मुलाचं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सहीनिशी ते बदलून घ्यावं लागतं. आणि दोन वर्षं एकही व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शंभर रुपये भरा, पन्नास काढा, खातं जागं ठेवा.

प्रवेशाच्या दिवशी फी किती भरायची

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्या आकड्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. ईबीसी आणि मुलींच्या योजनेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कच मिळतं, विकास शुल्क आपल्याला भरावं लागतं.

समजा मंजूर फी ९० हजार आहे, त्यात ८० हजार शिक्षण शुल्क आणि १० हजार विकास शुल्क. ईबीसीतल्या मुलाचे ४० हजार सरकार देईल, त्यानं ५० हजार भरायचे. त्याच वर्गातल्या पात्र मुलीचे ८० हजार सरकारकडून, तिनं १० हजार भरायचे. वसतिगृह, बस, मेस, अनामत हे सगळं वेगळं. ‘मुलींना सगळं फुकट’ असं ऐकून आलेल्या पालकांना खिडकीवर १०-१२ हजारांची पावती बघून धक्का बसतो. त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण पावतीवर भाग वेगळे पाडून मागा, म्हणजे कोणते पैसे कशाचे ते कळेल.

पात्र विद्यार्थ्याकडून सरकारनं द्यायचा वाटा कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा स्पष्ट सूचना आहेत. तरी ‘आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ’ असं कुठे कुठे सांगतात. तेव्हा वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज द्या: ‘मी अमुक योजनेस पात्र असून माझ्याकडून केवळ उर्वरित शुल्क घ्यावे.’ खाली उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचं वाटपपत्र जोडा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. तरी मागणी झाली तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे किंवा समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे त्याच अर्जाची प्रत पाठवा. नाइलाजानं पूर्ण फी भरावीच लागली तर पावती जिवापाड जपा, परतावा मागताना तीच लागते.

आता पोर्टल

महाडीबीटीचा पत्ता टाकताना शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा, त्या नावाच्या सारख्या दिसणाऱ्या पानांवर माहिती भरू नका. नोंदणी आधार ओटीपीनं करा. सायबर कॅफेत करत असाल तर मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा दिला तर पुढची तीन वर्षं पासवर्डसाठी त्याच्याकडे जावं लागेल. युझरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरी नोंदणी करू नका. एकाच विद्यार्थ्याच्या दोन प्रोफाइल झाल्या की अर्ज तपासणीत अडकतो.

आत गेल्यावर आधी प्रोफाइल पूर्ण भरायचं: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. यातले दोन टप्पे सावकाश भरा.

चालू अभ्यासक्रमात प्रवेशाचा प्रकार विचारतात. कॅपमधून आला असाल तर तसं निवडून सीईटी सेलचा (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचा) अर्ज क्रमांक टाका. इथे ‘संस्थास्तर’ निवडलं गेलं तर पात्र योजनांच्या यादीतून ईबीसी गायबच होते, आणि मूल ‘मला योजनाच दिसत नाही’ म्हणत बसतं. कॉलेजचं नाव निवडताना कोड बघा. एकाच संस्थेची पदवी, पदविका आणि फार्मसीची कॉलेजं सारख्याच नावानं येतात. चुकीचं निवडलं तर अर्ज शेजारच्या इमारतीतल्या क्लार्ककडे जातो आणि तुमच्या क्लार्कला तो दिसत नाही.

मागच्या शिक्षणात दहावीपासूनचं प्रत्येक वर्ष जुळलं पाहिजे. मध्ये एक वर्ष नीटची किंवा सीईटीची तयारी केली असेल तर खंड दाखवा आणि त्याचं स्वयंघोषणापत्र जोडा. लपवलेला खंड तारखांवरून लगेच दिसतो.

फाइल जेपीजी किंवा पीडीएफ, १५ ते २५६ केबीच्या आत. फोननं काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो दाबून इतका लहान करतात की शिक्का वाचता येत नाही, आणि अर्ज परत येतो. स्कॅनिंगच्या अ‍ॅपनं काळ्यापांढऱ्यात स्कॅन करा, कडा कापा, मग आकार कमी करा. चढवल्यावर ती फाइल पोर्टलवरच उघडून बघा. जातीच्या दाखल्याच्या जागी गुणपत्रिका गेली, असं रात्री बारा वाजता भरणाऱ्यांचं हमखास होतं.

प्रोफाइल पूर्ण झालं की पात्र योजना दिसतात. आपली निवडा, भरा, सादर करा. अर्जाचा क्रमांक आणि छापील प्रत घ्या. शेवटच्या तारखेला बहुतेकदा मुदतवाढ मिळते खरी, पण तिच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या चार दिवसांत ओटीपी वेळेवर येत नाही.

पहिल्या कॅप फेरीतलं कॉलेज घेऊन अर्ज भरला आणि पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं, तर आधीचा अर्ज रद्द करून नव्या कॉलेजनं पुन्हा भरा. प्रवेश पक्का होईपर्यंत थांबून भरणं सगळ्यात बरं.

अर्ज सादर केला, पुढे काय

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून खात्याकडे जातो. अनुसूचित जातीचा समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, जमातीचा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, इंजिनिअरिंग-फार्मसीचा ईबीसी तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे, कला-विज्ञान-वाणिज्यचा उच्च शिक्षण सहसंचालकांकडे.

छापील प्रत आणि कागदांचा संच आठवड्याच्या आत कॉलेजात द्या आणि पोच घ्या. त्यानंतर दर आठवड्याला एक दिवस ठरवून अर्जाची स्थिती बघा. त्रुटी असेल तर अर्ज तुमच्याकडे परत येतो, सगळे त्याला ‘सेंड बॅक’ म्हणतात. कारण खाली लिहिलेलं असतं, ते नीट वाचून तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. मेसेज येईल या आशेवर बसलेल्यांचे अर्ज मुदत संपेपर्यंत स्वतःच्याच लॉगिनला पडून राहतात. कॉलेजच्या लॉगिनला महिनाभर पडलेला अर्ज दिसला तर क्लार्कला अर्ज क्रमांक कागदावर लिहून द्या. शेकडो अर्जांत तोंडी सांगितलेलं नाव लक्षात राहत नाही.

पैसे दोन हप्त्यांत येतात आणि बरेचदा शैक्षणिक वर्ष संपत आल्यावर येतात. हे गृहीत धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम लगेच कॉलेजात भरून पावती घ्यायची असते. पैसे आले म्हणून ते वापरले गेले तर पुढे टीसी आणि गुणपत्रिका अडवण्यापर्यंत प्रकरण जातं. आलेल्या रकमेतून फी आधी, भत्ता तुमचा.

राहण्या-जेवण्याचा खर्च

फी सुटली तरी पुण्या-मुंबईत राहणं परवडत नाही म्हणून प्रवेश सोडणारी मुलं आहेत, म्हणून हा भाग महत्त्वाचा. सरकारी वसतिगृहात आधी अर्ज करा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे वर्षाला ६० हजार रुपये: भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. इतर मोठ्या महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, तालुक्याला ३८ हजार. उत्पन्नमर्यादा २.५ लाख, आणि विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नको. जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र लागतं, त्यामुळे खोली घेताना कागद करायला तयार असलेला घरमालक बघा.

ईबीसीतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती मिळते. तहसीलचा अल्पभूधारक दाखला किंवा कामगार नोंदणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. फीचा अर्ज आणि हा अर्ज वेगळे भरायचे असतात. एक भरला की दुसरा आपोआप होत नाही, आणि इथे दरवर्षी बरीच मुलं हा भत्ता गमावतात.

दुसऱ्या वर्षी

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की चार वर्षं चालू राहते, हा समज चुकीचा आहे. दरवर्षी त्याच प्रोफाइलमधून नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. मागच्या वर्षाची गुणपत्रिका, नवी फी पावती आणि मुदतीतला उत्पन्नाचा दाखला लागतो. निकाल उशिरा लागला तरी पोर्टल थांबत नाही, तेव्हा ऑनलाइन निकालाची प्रत कॉलेजकडून साक्षांकित करून चालते का, ते क्लार्कला विचारून घ्या. हजेरीही मोजली जाते. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी नूतनीकरण निवडू नये, त्यांचा अर्ज नवाच असतो.

तरीही पैसे कमी पडले तर

विकास शुल्क, लॅपटॉप, खोलीभाडं यांसाठी शैक्षणिक कर्ज हा रस्ता आहे, आणि तो सावकाराच्या पैशांपेक्षा कधीही बरा. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरावीक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्याला तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. ‘शिष्यवृत्ती न घेणाऱ्या’ हे शब्द लक्षात ठेवा. फी महाडीबीटीतून घेत असाल तर व्याजसवलतीचा हिशेब कागदावर मांडून मगच ठरवा. तुमचं कॉलेज यादीत नसेल तर बँकेचं नेहमीचं शैक्षणिक कर्ज आहेच. त्यात ४ लाखांपर्यंत साधारणपणे स्वतःचा वाटा आणि तारण मागत नाहीत. शाखेत जाताना प्रवेशपत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षवार फीचा तक्ता आणि पालकांच्या उत्पन्नाचे कागद घेऊन जा. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज केला की त्याला क्रमांक मिळतो आणि शाखेला त्याचं उत्तर द्यावं लागतं. नुसतं तोंडी विचारून आलात तर ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या’ यापलीकडे काही हाती लागत नाही.